कायदा झाला, पण जाब कुणाला विचारणार?

काही जण म्हणतात की युरोपीय संघाचा २०२४ चा एआय कायदा आला, आता सीमेवर वापरल्या जाणाऱ्या एआय यंत्रणांबद्दल जाब विचारता येईल. इतकं सोपं नाही. स्थलांतर आणि आश्रयासाठीच्या बऱ्याच प्रणाली कायद्याने 'उच्च जोखमीच्या' ठरवल्या खऱ्या, पण अशा प्रणालींच्या युरोपीय डेटाबेसच्या ज्या भागात त्यांची नोंद होणार तो जनतेला बघताच येणार नाही! शिवाय युरोडॅक (आश्रय मागणाऱ्यांच्या बोटांच्या ठशांचा साठा), शेंगेन माहिती प्रणाली (सीमा तपासणी आणि पोलिसांसाठीचा सामायिक साठा) यांसारख्या अवाढव्य माहिती-यंत्रणांना हा कायदा पाळायला २०३० अखेरपर्यंत मुभा. आणि युरोडॅकमध्ये तर नव्या नियमाने ६ वर्षांच्या पोरांचेही ठसे घेणार.

जाब विचारणं किती अवघड, याचं युरोपीय संघाबाहेरचं उदाहरण बघा: ब्रिटनचं व्हिसा अर्जांना लाल-पिवळा-हिरवा शेरा देणारं सॉफ्टवेअर २०२० मध्ये बंद झालं, तेही संघटनांनी कोर्टात खेचल्यावर. रंग ठरवताना अर्जदाराचं राष्ट्रीयत्वही धरलं जायचं.