वाघोलीचा निळा दगड खरा की चिकटवलेला?

हौशी_संग्राहक: पुण्यात एका प्रदर्शनात पांढऱ्या स्फटिकांवर वाटाण्याएवढा निळा गोळा असलेला दगड बघितला, विकणारा म्हणाला कॅव्हनसाइट नावाचं खनिज आहे, पुण्याजवळच्या वाघोलीचं, आणि किंमत ऐकून मी तो गपचूप खाली ठेवला. रंग इतका भडक की मला वाटलं मोरचूदच चिकटवलंय. हे खरंच आपल्याकडे सापडतं का?

काळाकातळ: सापडतं म्हणजे काय, जगभरच्या कलेक्टरांकडे जे भारी नमुने आहेत ते बहुतेक वाघोलीचेच. मोरचूदाचा निळा रंग तांब्याचा, याचा व्हॅनेडियम या धातूचा, शिवाय मोरचूद पाण्यात विरघळतं, हे नाही विरघळत. पहिल्यांदा मिळालं 1967 साली अमेरिकेत, ओरेगॉनमधे ओवायही धरणाजवळ, पण तिथले स्फटिक बारीक. आपल्याकडे खडीसाठी बेसाल्ट फोडताना आतल्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि त्यात स्टिलबाइट, कॅल्साइट अशा खनिजांच्या स्फटिकांवर हे निळे गोळे बसलेले. किती माल क्रशरमधून रस्त्यात गेला असेल देव जाणे!

भिंगवाला: शंका मात्र रास्त आहे. गोळे सुटून पडतात आणि काही लोक ते दुसऱ्याच स्टिलबाइटवर चिकटवून विकतात. दहापट दाखवणारं भिंग घे आणि गोळ्याच्या बुडाशी बघ. चकाकणारा पारदर्शक थर किंवा अडकलेला बुडबुडा दिसला तर डिंक समज. गोळाही बघ, खऱ्यात मधून बाहेर पसरलेल्या बारीक पात्या दिसतात, रंगवलेल्यात नुसता खडबडीत पृष्ठभाग. सुटलेला स्वतःचाच गोळा परत बसवला असेल तर चालतं, पण विकणाऱ्याने तसं सांगायला पाहिजे ना.

काळाकातळ: अजून एक, पेंटागोनाइट म्हणून याचा भाऊ आहे, रासायनिक घटक अगदी तेच पण अणूंची रचना वेगळी, तोही वाघोलीत मिळतो आणि जास्त दुर्मिळ. त्याचे जुळे, म्हणजे एकमेकांत वाढलेले, स्फटिक टोकाकडून बघितले तर पाच टोकांची चांदणी दिसते. गोळे नसतात, लांबट काड्या असतात, म्हणून निळी काडी दिसली की कॅव्हनसाइटच्या भावात मिळते का बघ 😄

हौशी_संग्राहक: धन्यवाद दोघांना. बायको विचारतेय अंगठीत बसवता येईल का?

भिंगवाला: नको रे. 1 ते 10 च्या मोह्स मापावर कठीणपणा 3 ते 4, म्हणजे साध्या चाकूनेही ओरखडा पडेल, आणि त्या पात्या बोटाच्या धक्क्यानेच तुटतात. डबीत ठेव, अ‍ॅसिडने धुवायच्या भानगडीत तर अजिबात पडू नकोस.