मदत हवी आहे : ‘सायडीरियल’मधला तारा आणि ‘सिडेराइट’मधलं लोखंड, नातं आहे का?

आकाशनिरीक्षणासाठी येणाऱ्या शाळकरी मुलांकरता एक पानाचं टिपण करतेय. नाक्षत्र दिन (ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी मारायला लागणारा वेळ, 23 तास 56 मिनिटे 4 सेकंद) समजावताना इंग्रजी ‘सायडीरियल’ची व्युत्पत्ती द्यायची होती. ती सोपी निघाली: लॅटिन ‘सीदुस’ म्हणजे तारा किंवा तारकासमूह, त्याची षष्ठी ‘सीदेरिस’, त्यावरून विशेषण. आपलं ‘नक्षत्र’वरून ‘नाक्षत्र’ होतं तसंच.

घोळ पुढे झाला. ‘सिडेराइट’ हे लोहाचं कार्बोनेट खनिज. ते नाव ग्रीक ‘सिदेरोस’वरून, म्हणजे लोखंड. त्यात लोखंडी अशनींनाही पूर्वी ‘सिडेराइट’च म्हणत! प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याचा खंजीर अशनीच्या लोखंडाचा आहे हे मुलांना आवडेल, आणि ‘आकाशातून पडलेला धातू म्हणून ताऱ्याचं नाव’ ही गोष्ट तर फारच मोहक वाटते. म्हणूनच मला तिचा संशय येतोय.

दोन इंग्रजी शब्दकोश पाहिले. दोन्ही शब्दांच्या व्युत्पत्ती वेगवेगळ्या दिल्यात, एकमेकांचा उल्लेख नाही. इंटरनेटवरचे लेख मात्र दोन्ही बिनदिक्कत जोडतात, आधार न देता. ते दुवे कृपया नकोत, वाचून झालेत. मला लॅटिन-ग्रीक येत नाही. पण मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश चाळता येतो, त्यामुळे संस्कृतशी तुलना केलीत तरी चालेल.

‘सीदुस’ आणि ‘सिदेरोस’ एकाच मुळातून आले असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, की हे निव्वळ ध्वनिसाम्य आहे? आणि ते कोणत्या व्युत्पत्तिकोशात तपासता येईल?