मदत हवी आहे: गाडीतली स्क्रीन सेन्सरवर आपोआप मंद-प्रखर करायची आहे, पण दुपारी आकडा अडकतो आणि रात्री स्क्रीन भसकन उजळते

उंटवाडीकर:

नमस्कार मंडळी. गाडीत रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर आणि त्याचीच जुनी ७ इंची टचस्क्रीन आहे, नकाशा आणि गाण्यांसाठी. बॅकलाइटच्या फाइलमध्ये ० ते २५५ आकडा लिहिला की ब्राइटनेस बदलतो, तो भाग ठीक चालतो. प्रकाश मोजायला बीएच१७५० सेन्सर डॅशबोर्डवर पुढच्या काचेजवळ, तोंड पुढे करून लावलाय. दर सेकंदाला १० रीडिंग, १६ मिलिसेकंदांचा लो रिझोल्यूशन मोड. हिशेब सरळ ठेवलाय: लक्स (प्रकाशाचं माप) भागिले २००, तोच ब्राइटनेस.

अडचणी चार:
१. कडक उन्हात रीडिंग ५४६१२ वर जाऊन बसतं, हलत नाही. सेन्सर गेला का?
२. मुंबई नाका ते द्वारका उड्डाणपुलाखालच्या रस्त्याने जाताना खांबांच्या उन्हा-सावलीत स्क्रीन लुकलुकते.
३. रात्री समोरून कोणी अप्परवर आलं की स्क्रीन भसकन उजळते.
४. पथदिव्याखाली गाडी उभी असली तरी आकडा २० ते ४० मध्ये नाचत राहतो.

दुसरा सेन्सर घ्यावा की प्रोग्रॅम बदलावा?

सोल्डरवाला:

सेन्सर शाबूत आहे. तुमच्या चारही अडचणी चार वेगळ्या कारणांच्या आहेत, म्हणून एकेक घेतो.

५४६१२ हा आकडा ओळखीचा आहे. बीएच१७५० सोळा बिटांत मोजतो, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५, आणि लक्स काढायला त्याला १.२ ने भागतात. ६५५३५ भागिले १.२ म्हणजे ५४६१२. सेन्सरची पट्टी तिथे संपली. बाहेर भर दुपारचं ऊन १ लाख लक्सच्या घरात असतं, आणि पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायलाच हवा असा मोटार वाहन नियम आहे. तेव्हा थेट ऊन पडलेल्या डॅशबोर्डवर पट्टी संपणारच.

उपाय त्याच चिपमध्ये आहे. एमटीरेग नावाचं रजिस्टर मोजण्याचा वेळ ठरवतं. मूळ किंमत ६९, ती ३१ पर्यंत खाली नेता येते. ३१ साठी हेक्समध्ये आधी ४० आणि मग ७एफ असे दोन बाइट पाठवा, त्यानंतर हाय रिझोल्यूशन मोडची आज्ञा १० पुन्हा पाठवा. ही शेवटची आज्ञा विसरली की जुन्याच वेळेने मोजणी चालू राहते आणि लक्स चुकीचे येतात. सूत्र: कच्चा आकडा भागिले १.२, गुणिले ६९, भागिले ३१. कमाल मर्यादा साधारण १ लाख २१ हजारांवर जाते. मूळ किंमतीवर परत यायला ४२ आणि ६५.

चौथी अडचण लो रिझोल्यूशन मोडची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच पथदिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एक चक्कर १० मिलिसेकंदांची. तुम्ही १६ मिलिसेकंद मोजता म्हणजे दीड चक्कर. कधी दोन शिखरं हाती लागतात, कधी एकच. हाय रिझोल्यूशन मोड १२० मिलिसेकंद घेतो, म्हणजे बरोबर १२ चकरा, आणि आकडा स्थिर होतो. रात्री एमटीरेग १३८ करा (४४ आणि ६ए). वेळ २४० मिलिसेकंद आणि बारकावा अर्ध्या लक्सपर्यंत. दिवसा ३१ आणि रात्री १३८ अशी अदलाबदल प्रोग्रॅममध्येच करायची. रीडिंगचा वेग सेकंदाला १० वरून ४ वर आणा, नाहीतर १३८ वर मोजणी पुरी व्हायच्या आत वाचाल आणि तोच जुना आकडा पुन्हा हाती येईल.

आता हिशेब. लक्स भागिले २०० चालणार नाही, कारण डोळा प्रकाशाची पट ओळखतो, फरक नव्हे. १० चे १०० झाले काय किंवा १,००० चे १०,००० झाले काय, डोळ्याला पायरी सारखीच. तुमच्या सूत्रात २०० लक्सला ब्राइटनेस १ येतो, म्हणजे ढगाळ संध्याकाळी स्क्रीन जवळपास बंदच. लक्सचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या आणि या ठिकाणांमधून रेषा काढा: १ लक्सला १२, १० ला ३०, १०० ला ७५, १,००० ला १३५, १०,००० ला २१०, ४०,००० च्या पुढे २५५. हे सुरुवातीचे आकडे धरा, एकदोन फेऱ्यांनंतर आपल्या डोळ्याला मानवतील तसे हलवा. खालची हद्द १० च्या खाली नेऊ नका. शून्य लिहिलं तर बॅकलाइट विझतोच.

खांबांच्या सावलीसाठी उजळण्याचा आणि मंदावण्याचा वेग वेगळा ठेवा. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ५ मीटर सावली अर्ध्या सेकंदात मागे पडते. त्यामुळे उजळायला अर्धा सेकंद, पण मंदावायला आधी २ सेकंद थांबा, मग ४ सेकंदांत हळूहळू खाली. शिवाय लक्स आधीच्या ठरलेल्या आकड्याच्या दीडपट वर किंवा दीडपट खाली गेल्याशिवाय लक्ष्य बदलायचंच नाही. इथेही पटच, ठरावीक लक्स नको.

तिसरीसाठी सेन्सरचं तोंड वर करा आणि त्याभोवती १२ मिलिमीटर व्यासाची, १० मिलिमीटर उंच काळी नळी लावा. हेडलाइट आडवे येतात, ते आत शिरणार नाहीत.

घाटवाट:

बाकी सगळं पटलं, नळी मात्र फार खोल झाली. मधोमध बसलेल्या सेन्सरला अशा नळीतून उभ्या रेषेपासून जेमतेम ३१ अंशांपर्यंतचंच दिसतं. म्हणजे सूर्य ५९ अंशांच्या वर हवा. नाशिक २० अक्षांशावर, डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४७ अंशांच्या वर जात नाही. सगळा हिवाळा सेन्सरला थेट ऊन दिसणारच नाही आणि उन्हात न्हालेल्या डॅशबोर्डवर स्क्रीन मंद राहील. त्यात हिवाळ्याच्या संध्याकाळी मुंबईकडे निघालं की मावळतीचा सूर्य जवळजवळ समोरच असतो. डोळे दिपलेले, आणि सेन्सर बसलाय विहिरीत.

काठ ३ मिलिमीटरच ठेवा, म्हणजे २७ अंशांच्या वरचा सूर्य दिसतो. सेन्सरवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा छोटा तुकडा ठेवा. तो काठाच्या आत, तळाशी. काठावर ठेवला तर आडवा प्रकाश तोच गोळा करतो आणि काठाचा उपयोग संपतो. अ‍ॅक्रिलिक थोडा प्रकाश खातं, म्हणून आधी आणि नंतर एकाच जागी रीडिंग घेऊन गुणक काढून ठेवा. समोरची वाहनं आपल्याकडे उजव्या हाताला असतात, तेवढ्या बाजूला एक सेंटिमीटरची काळी पट्टी उभी केली तर आणखी बरं.

राहिलेला हेडलाइटचा प्रकाश प्रोग्रॅमने अडवायचा. अप्परचा झोत ४०,००० कॅन्डेलाचा (झोताच्या तीव्रतेचं माप) धरला तरी २० मीटरवरून तो भागिले २० चा वर्ग, म्हणजे ४००, म्हणून १०० लक्स. दिवसाचा प्रकाश याच्या कितीतरी वर. तेव्हा १० सेकंद सलग ५० लक्सच्या खाली असेल तर रात्र समजा, आणि रात्री नियम उलटा करा: उजळायला ५ सेकंद थांबा. मधेच १,००० च्या वर गेलं तर मात्र न थांबता उजळा. तो बोगद्यातून बाहेर पडण्याचा क्षण असतो.

समृद्धीवरचा इगतपुरीचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे, ताशी ८० ने सहा मिनिटं. आत शिरताना डोळे उन्हाला सरावलेले असतात, म्हणून स्क्रीन एकदम रात्रीच्या पातळीवर आणू नका. अंधाराला सरावायला डोळ्याला मिनिटं लागतात, उजेडाला सेकंद. पहिल्या ५-६ सेकंदांत ९० पर्यंत आणा, पुढचं दीड-दोन मिनिटांत सावकाश.

मल्टिमीटर४२२:

एवढं करण्यापेक्षा हेडलाइटच्या वायरवर का नाही घेत? दिवे लावले की स्क्रीन मंद. साध्या म्युझिक सिस्टीममध्ये नारिंगी वायर असते तीच.

घाटवाट:

ती वायर घ्यावीच, पण एकटीवर भरवसा नको. जुलैमध्ये कसारा घाटात धुकं उतरलं की सगळे भरदिवसा दिवे लावतात. धुक्यातला उजेड तेव्हाही काही हजार लक्स असतो. नुसत्या वायरीवर चालणारी स्क्रीन नेमकी तिथे दिसेनाशी होते, आणि पुढचं वळण नकाशात बघायचं असतं तेव्हाच. अट दोन्हींची ठेवा: दिवे चालू आणि लक्स २०० च्या खाली, तरच ब्राइटनेसला ४० ची कमाल मर्यादा.

उंटवाडीकर:

सगळं टिपून घेतलं, खूप आभार. १२ व्होल्टची वायर पायला कशी जोडायची? आणि दुसरा सेन्सर लावून फायदा होईल का?

सोल्डरवाला:

थेट जोडू नका, रास्पबेरीच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ सुद्धा सहन करत नाहीत. पीसी८१७ ऑप्टोकप्लर घ्या, तो दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवून खूण फक्त प्रकाशाने पलीकडे देतो. दिव्याच्या वायरीवर टॅपजवळ १ अँपिअरचा फ्यूज, मग २.२ किलोओहम रेझिस्टर, मग ऑप्टोचा १ नंबर पाय. २ नंबर गाडीच्या अर्थला. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तरी ६ मिलिअँपिअर जातात, पुरेसे आहेत. पलीकडे ऑप्टोचा ४ नंबर पाय रास्पबेरीच्या पिनेला आणि १० किलोओहमने ३.३ व्होल्टला, ३ नंबर पाय रास्पबेरीच्या ग्राउंडला. दिवे लागले की पिन खाली जाते, उलटं वाचायचं.

जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. वायर आणि बॉडी अर्थ यांच्यामध्ये, दिवे लावून आणि विझवून. काही गाड्यांत मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं चाक याच वायरीवर असतं. चाक खाली केलं की व्होल्टेज तुकड्या-तुकड्यांत येतं आणि पिन फडफडते. त्यासाठी मागच्या एका सेकंदात पिन एकदा जरी खाली गेली असेल तरी दिवे चालू धरा.

दुसरा सेन्सर जरूर लावा. पहिला सांगतो डोळ्यासमोर किती उजेड आहे, दुसरा सांगतो स्क्रीनवर किती पडतोय. ऊन मागून किंवा बाजूच्या काचेतून आलं की हे दोन आकडे पार वेगळे असतात. स्क्रीनच्या चौकटीला, तोंड मागच्या सीटकडे करून बसवा, पण काचेच्या पातळीपासून थोडा मागे. स्क्रीनचाच प्रकाश त्यात शिरला तर स्क्रीन उजळते, म्हणून आकडा वाढतो, म्हणून ती आणखी उजळते. तपासायला अंधारात गाडी उभी करून ब्राइटनेस १० आणि २५५ वर रीडिंग घ्या. फरक एका लक्सपेक्षा जास्त आला तर जागा बदला. दोन्ही एकाच आयटूसी वायरींवर (सेन्सरचे आकडे नेणाऱ्या) चालतात: पहिल्याची अ‍ॅड्रेस पिन ग्राउंडला, पत्ता हेक्स २३, दुसऱ्याची ३.३ व्होल्टला, पत्ता ५सी. दिवसा दोघांतला मोठा आकडा धरा, रात्री फक्त पहिला.

वायर अर्ध्या मीटरच्या आत, वेग १०० किलोहर्ट्झ, इग्निशन कॉइलच्या वायरींपासून लांब. रीडिंग सलग पाच वेळा आलं नाही तर प्रोग्रॅमने सेन्सर सोडून द्यावा: दिवे चालू तर ३५, बंद तर २००.

मल्टिमीटर४२२:

अँड्रॉइड सेटवर हे जमेल का?

सोल्डरवाला:

आधी सेटिंगमधली ब्राइटनेसची पट्टी सरकवून, दिवे लावून आणि विझवून बघा. दोन्ही वेळा पट्टीने फरक पडला तर अ‍ॅपने जमेल, अ‍ॅपला सिस्टीम सेटिंग बदलायची परवानगी द्यावी लागते. दिवे लागल्यावर पट्टी निकामी होत असेल तर बॅकलाइट आतल्या वेगळ्या चिपच्या ताब्यात आहे, अ‍ॅपचा उपयोग नाही.

घाटवाट:

उंटवाडीकर, एक राहिलं. सेन्सर ग्लू गनने चिकटवू नका. एप्रिल-मेमध्ये उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की तो गोंद मऊ पडतो. सेन्सर हळूच कलंडतो, रीडिंग चालूच राहतं, फक्त चुकीच्या दिशेचं. जागा स्पिरिटने पुसून फोमची व्हीएचबी टेप लावा आणि वायरीला सेन्सरपासून तीन-चार सेंटिमीटरवर क्लिप मारा, म्हणजे वायरीची ओढ टेपवर येणार नाही. मग एक फेरी घोटी-इगतपुरीपर्यंत करा. वेळ, दोन्ही लक्स, दिव्याची पिन आणि ब्राइटनेस असे पाच आकडे सेकंदाला एकदा फाइलमध्ये लिहू द्या. फाइल इथे टाकलीत तर वेळांचे आकडे त्यावरून बसवून देतो.