क्रॉस हातोडीने ठोकून बसवायचे नसतात

मार्क थ्री, सांगली:
परवा इथे एकाने लिहिलं, "प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलायला मिस्त्री कशाला? शाफ्ट उतरवा, जुना क्रॉस हातोडीने ठोकून काढा, नवा ठोकून बसवा. अर्ध्या तासाचं काम." खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. (प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणारा दांडा. क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, त्याच्यामुळे शाफ्ट कोनातही फिरतो.) राहवत नाही म्हणून लिहितोय.

माझी १९७८ची अँबॅसिडर, वडिलांनी घेतलेली. क्लच सोडला की खालून 'टक', रिव्हर्स टाकला की परत 'टक'. क्रॉसच्या चार दांड्यांवर टोपीसारखे कप बसतात, त्या कपाच्या कडेला तांबूस भुकटी. म्हणजे आतलं ग्रीस संपून नीडल, कपातल्या सुईसारख्या बारीक बेअरिंग, गंजल्या होत्या. मीही अंगणात बसून असाच ठोकला. क्रॉसला दोन कानांत धरणारा बेचक्यासारखा भाग म्हणजे योक. त्याचा कान दिसायला जाडजूड, पण घावाने केसभर आत वळला की कप तिरका बसतो आणि नीडल एकाच बाजूने घासतात. वरून काही कळत नाही. चार महिन्यांत साठच्या पुढे सीट थरथरायला लागली. क्रॉस काढला तर त्याच्या दांड्यांवर नीडलच्या खाचा नखाला लागत होत्या. अख्खा शाफ्ट बदलावा लागला.

वाईस, म्हणजे टेबलावरचा शिकंजा, घ्या आणि दोन सॉकेट. एक कपापेक्षा लहान, तो ढकलायला. दुसरा मोठा, निघणारा कप त्यात सरकायला. नव्या कपातल्या नीडल ग्रीसने चिकटवून ठेवा. एक जरी आडवी पडली तरी कप तळाला जात नाही, कप अडवणारं कडीसारखं लॉक खाचेत बसत नाही. मग लोक अजून जोरात ठोकतात. कान नेमका तिथेच जातो.

जीपवाला, सातारा:
तुमच्याकडे वाईस आहे म्हणून हे सुचतं. ती परवाची पोस्ट माझीच. तीस वर्षं महिंद्रा जीप चालवतोय आणि शब्द मागे घेणार नाही.

पसरणी घाटात मागचा क्रॉस तुटला. शाफ्ट लोंबकळून रस्त्यावर आपटायला लागला. दोन पान्ह्यांत शाफ्ट उतरवला, पुढच्या चाकांचा गिअर टाकला आणि पुढच्या चाकांवर वाईला उतरलो. तिथे बंद दुकानाच्या पायरीवर, बॅटरीच्या उजेडात, लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन नवा क्रॉस बसवला. तो नऊ वर्षं चालला. अडचणीच्या वेळी वाईस कुठून आणायचा? ठोकणारा हात शहाणा हवा. तुमचा नव्हता, त्यात हातोडीचा काय दोष?

लेथ, भोसरी:
असे शहाणे हातच आमच्याकडे महिन्याला वाकडे योक पाठवतात. आणि कान सरळ असला तरी अर्धे शाफ्ट चुकीचे जोडलेले येतात. स्प्लाइनमधून, म्हणजे सरकत्या दातेरी जोडातून, शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले आणि खूण न करता परत घातले, की दोन टोकांचे योक एका पातळीत राहत नाहीत. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा योक त्याच पातळीत असेल तरच दुसरा क्रॉस ते फेडतो. नसेल तर गाडी गुरगुरते आणि लोक टायर बॅलन्स करत हिंडतात. जीपच्या शाफ्टवर बाण कोरलेले असतात, समोरासमोर यायला हवेत. चिखलाखाली दिसत नाहीत, तारेच्या ब्रशने घासून बघा. शाफ्ट बोल्टने जोडतात त्या फ्लँजवरही सोडण्याआधी पंचची खूण करा.

जुनी गाडी, पुणे:
यावर इलाज एकच, सील्ड क्रॉस, आत ग्रीस भरून कायमचा बंद केलेला. ग्रीस भरायचं निपल असलेला क्रॉस आतून पोकळ, म्हणजे तेवढा कमजोर. शिवाय ग्रीस मारतंय कोण?

लाल माती, रत्नागिरी:
कोण म्हणजे? मी मारतो! पावसाळ्यात एकदा पऱ्ह्यातून, ओढ्यातून गाडी घातलीत की तुमचं सील्ड संपलं. पाणी आत जातं आणि आतच राहतं. निपल असेल तर नवं ग्रीस जुनं पाणी ढकलून बाहेर काढतं. चारही कपांतून ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीसची गन मारायची. तीनच कपांतून आलं, तर चौथा कोरडाच मरणार.

जुनी गाडी, पुणे:
माझी गाडी पऱ्ह्यात जात नाही. अकरा वर्षं सील्ड वापरतोय.

लाल माती, रत्नागिरी:
मग गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचा अनुभव आम्हाला सांगू नका. गेल्या वर्षी सर्व्हिसला दिली, बिलात 'ग्रीसिंग' लिहिलं, पैसे घेतले. घरी येऊन आडवा झालो तर निपलवर धूळ जशीच्या तशी. यांच्यासाठीच तुम्ही लोक सील्ड मागता. काम न करणाऱ्याला धरायचं सोडून निपलच काढून टाकायचा!

जुनी गाडी, पुणे:
आवाज चढवू नका. बाजारात डुप्लिकेट निपलवाले क्रॉस भरलेत. मी एक उघडला, एका दांड्याचं भोकच मधल्या भोकाला मिळालेलं नव्हतं. कितीही गन मारा, ग्रीस जाणार कुठून?

लाल माती, रत्नागिरी:
हे मात्र खरं. मलाही मिळालाय तसला. म्हणून बसवण्याआधीच कप काढून फुंकून बघतो. पण हा डुप्लिकेटचा दोष, निपलचा नाही.

मार्क थ्री, सांगली:
निपलवरून भांडून झालं असेल तर एक सांगतो, नवीन माणसं वाचताहेत. निपल शाफ्टच्या बाजूला तोंड करून ठेवा, नाहीतर बसवल्यावर गन पोचत नाही.

भाचा, नाशिक:
शाफ्ट उतरवला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही सुटते, हे कुणीच लिहिलं नाही. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीमागच्या) ड्रमवर असतो, तो धरतो शाफ्टमार्फत. शाफ्ट गेला की मागची चाकं मोकळी. आमच्या मामांची जीप अशीच उतारावर सरकली, ते खाली होते. पाय वाचला नाही. आधी चाकांना लाकडी उटी लावा, मग सॉकेट की हातोडी ते ठरवा.

जीपवाला, सातारा:
भाचे, हे मी लिहायला हवं होतं. चुकलं. मूळ पोस्टमध्ये घालतो.

आता सांगलीकरांना. तुम्हीही शेवटी हातोडी वापरत असणार. क्रॉस घट्ट बसला तर योकवर हलका टोला देऊनच कप लॉकला टेकवतात.

मार्क थ्री, सांगली:
देतो. तांब्याच्या हातोडीने, योकच्या मुळाशी, लॉक बसल्यावर. क्रॉस बोटाने फिरला पाहिजे, ते बघायला. तेवढी हातोडी मान्य.

जीपवाला, सातारा:
आज पुढचा शाफ्ट उतरवला. मी गेल्या वर्षी ठोकलेला. एका बाजूला क्रॉस बोटाने फिरतो, दुसऱ्या बाजूला अडतो. कान वाकलाय असं मी अजून म्हणत नाही. भोसरीकर, सोमवारी दुकान उघडं असतं का?