मदत हवी आहे : गाभाऱ्याच्या काळ्या पाषाणावरचा ऑइलपेंट कसा काढावा?

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाचा गाभारा बेसाल्टचा आहे, दरजा चुन्याच्या. काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धारात आतून पांढरा ऑइलपेंट दिला, वर ट्यूबलाइट लावली. जुन्या देवळांत मंडपातून अंतराळात (मंडप आणि गाभारा यांच्यामधल्या छोट्या दालनात), तिथून गाभाऱ्यात जाताना उजेड कमी होत जातो आणि शेवटी समईच्या ज्योतीत पिंडी दिसते. हे मुद्दाम केलेलं असतं. १०६० सालच्या अंबरनाथच्या शिवालयात पायऱ्या उतरून खाली गेलं की मन कसं आपोआप शांत होतं! आमच्याकडे तो अंधारच गेला. शिवाय आता रंगाखाली ओल अडकून पोपडे सुटताहेत, सोबत दगडाचे पापुद्रेही.

गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश वापरून पाहिला, सुटे पोपडे तेवढे निघाले. पेंट रिमूव्हर कोपऱ्यात वीतभर जागी लावला. रंग मऊ झाला, पण छिन्नीच्या खाचांत पांढरा राहिला, आणि गाभाऱ्याला खिडकी नसल्याने वासाने थांबवेना. कंत्राटदार सँडब्लास्टिंग (हवेच्या दाबाने वाळूचा मारा) सुचवतोय. मला ते नको, कारण मूळ घडाई झिजेल.

देऊळ संरक्षित स्मारक नाही, समितीची संमती आहे. रोजची पूजा बंद ठेवता येणार नाही. अभिषेकाचं पाणी भिंतीच्या पायाशी येतं.

पाषाणाला आणि चुन्याच्या दरजांना धक्का न लावता खाचांतला रंग ओढून घेणारा लेप कुणी वापरला आहे का? कशाचा, किती वेळ ठेवला, आणि नंतर दगड कशाने धुतला?