मदत हवी आहे: वेबसाइटला आठ महिने झाले, गूगलवर पत्ताच नाही

नमस्कार मंडळी,

शिलाई मशीन दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे. वर्डप्रेसवर सात पानांची साइट करून घेतली, त्याला आठ महिने झाले. व्यवसायाचं पूर्ण नाव टाकून शोधलं तरी आमची साइट येत नाही, तिसऱ्याच कुणाची येते. साइट करून देणारे म्हणतात, "एसईओचं, म्हणजे साइट गूगलवर वर आणण्याचं, पॅकेज वेगळं." त्यात २०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका) आणि पहिल्या पानाची हमी. पैसे द्यायला ना नाही, पण कशाचे देतोय ते कळल्याशिवाय हात खिशात जात नाही.

मी आतापर्यंत केलेले उद्योग: एक प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जादा प्रोग्राम) टाकून मेटा कीवर्डच्या, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या, रकान्यात चाळीसेक शब्द भरले. मुख्य पानावर 'शिलाई मशीन दुरुस्ती' इतक्या वेळा घातलं की बायकोने वाचून विचारलं, "ही जपमाळ कुणासाठी?"

सुरुवात नेमकी कुठून करू?

प्रतिसाद १

मेटा कीवर्ड ठेवा किंवा काढा, फरक शून्य. क्रमवारी ठरवताना ते बघत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. जपमाळ मात्र काढाच. हमीचं म्हणाल तर पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच्या स्वतःच्या मदतपानावर लिहिलंय. क्रमवारी वाढवायला विकत घेतलेल्या लिंका तर त्यांच्या स्पॅमच्या नियमात बसतात. त्या पॅकेजला लांबूनच नमस्कार करा.

पण तुमचं दुखणं क्रमवारीचं वाटत नाही. स्वतःच्या नावावरही साइट येत नाही, म्हणजे ती बहुधा इंडेक्समध्येच (गूगलच्या नोंदवहीत) नाही. शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट', लगेच कोलन आणि मध्ये जागा न सोडता तुमचं डोमेन टाका. काहीच आलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा आणि तळाची 'सर्च इंजिन व्हिजिबिलिटी'ची चौकट बघा. तिथे टिक असली की सर्च इंजिनांना 'ही साइट घेऊ नका' असं सांगितलं जातं. साइट बांधताना ती मुद्दाम करतात आणि नंतर काढायची विसरतात.

धागाकर्ता

टिक होती!! आठ महिने आम्ही शटर ओढून आत दिवे लावून बसलो होतो. करून देणाऱ्यांना विचारलं तर "चेक करतो" एवढंच.

टिक काढली, सर्च कन्सोल (साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन) जोडला. सातही पानं 'नोइंडेक्स'मुळे ('हे पान नोंदवू नका' या खुणेमुळे) वगळलेली दिसतात. आता?

प्रतिसाद २

आधी खात्री करा. कॅशिंगचं (पानाची साठवलेली जुनी प्रत दाखवणारं) प्लगइन असेल तर कॅश रिकामी करा, मग पानाचा सोर्स (मागचा कोड) उघडून 'नोइंडेक्स' खरंच गेलंय का बघा. रोबोट्सच्या फाइलमध्येही (कुठली पानं उघडू नयेत ते सर्च इंजिनांना सांगणारी फाइल) पानं अडवलेली नकोत. तिथे अडवलं तर गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) पान उघडतच नाही, मग आतलं नोइंडेक्स गेलंय हे त्याला कळणार कसं? हे झालं की सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप (पानांची यादी) सबमिट करा आणि मुख्य पानांसाठी तिथल्याच यूआरएल तपासणीतून इंडेक्सिंगची विनंती पाठवा. रोज पाठवून रांगेत नंबर पुढे सरकत नाही.

दरम्यान पानांची टायटल (शोधनिकालात दिसणारी शीर्षकं) काय आहेत ते सांगा. आणि सेवांची यादी मजकुरात आहे की चित्रात?

धागाकर्ता

टायटल सातही पानांचं 'होम'. 😐 यादी चित्रात, डिझायनरने सुंदर पोस्टर केलंय.

प्रतिसाद २

पोस्टर राहू द्या, पण तीच यादी खाली साध्या मजकुरातही लिहा. प्रत्येक पानाला त्या पानाचंच टायटल द्या. मेटा डिस्क्रिप्शनने (पानाच्या थोडक्यात वर्णनाने) क्रमांक वाढत नाही, तरी दोन ओळी नीट लिहा, निकालात त्या दिसू शकतात आणि माणूस त्या वाचून क्लिक करतो.

आता खरं काम. गिऱ्हाईक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतं? 'सर्व्हिसिंग सोल्यूशन्स' हवंय असं कुणी म्हणतं का?

धागाकर्ता

छे! "मशीन टाका सोडतंय", "खालून दोरा गुंततोय", "पायडल जड झालंय". यातलं एकही वाक्य साइटवर नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

सातपैकी पाच पानं इंडेक्स झाली. नावाने शोधल्यावर आम्हीच वर येतो. 'खालून दोरा गुंततो' असं एक पान लिहिलं: गुंता खाली दिसतो, पण दोष बहुतेक वेळा वरचा दोरा नीट न ओवण्यात असतो. दाबपट्टी वर करून दोरा पुन्हा ओवा, मग सुई बघा, एवढं करून नाही सुटलं तर आणा. भाऊ म्हणाला, घरीच दुरुस्त झालं तर आपल्याकडे कोण येणार? पण कामगिरीच्या अहवालात त्याच पानाला ४१ इंप्रेशन (म्हणजे इतक्या वेळा निकालात दिसलं) आणि ६ क्लिक आहेत. 'सर्व्हिसिंग सोल्यूशन्स'वर भोपळा.

शेवटची शंका: प्रत्येक बिघाडाला वेगळं पान करू का?

प्रतिसाद १

ज्यावर तुमच्याकडे सांगण्यासारखं खरंच आहे, त्याला वेगळं. दोन ओळींत संपणारे बिघाड एकाच पानावर राहू द्या. नुसते शब्द बदलून तेच पान दहा वेळा छापू नका. आणि भावाला सांगा, सुई बदलूनही टाका सुटत राहिला की माणूस त्याच पानावरचा नंबर फिरवतो. नंबर मजकुरात आहे ना, की तोही पोस्टरमध्येच?

धागाकर्ता

पोस्टरमध्ये. बदलतो.