‘कूस’ की ‘फासळी’? आदम-हव्वेच्या कथेतील एका शब्दाविषयी

परभणीकर : इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या (1667) चौथ्या सर्गाचा अनुवाद करताना मी एका शब्दापाशी आठवडाभर अडलो आहे. पाण्यातले आपलेच प्रतिबिंब अधिक देखणे वाटून हव्वा आदमाकडे पाठ फिरवते, तेव्हा तो तिला हाक मारून सांगतो, की तुला अस्तित्व मिळावे म्हणून मी हृदयालगतच्या माझ्या ‘साइड’मधून तुला जीव दिला. आठव्या सर्गात तोच आदम देवाने डावी बाजू उघडून बरगडी काढल्याचे स्पष्ट सांगतो. इथे मात्र कवीने बरगडीचे नाव घेतलेले नाही. ‘बाजू’ हा शब्द कोरडा वाटतो, म्हणून मी ‘माझ्या कुशीतून’ असे लिहिले. त्यावर एका मित्राने पुरुषाला कूस नसते असे ठणकावले. माझी आजी तर वाकळीवर निजवताना घरातल्या सगळ्याच पोरांना ‘डाव्या कुशीवर वळ’ म्हणत असे. मग हा आक्षेप कितपत खरा मानावा?

जालनेकर : आजींचे बरोबर आहे, पण ‘कुशीवर’ आणि ‘कुशीतून’ यांत फरक आहे. ‘कुशीतून’ म्हटले की मराठी वाचकाला जन्मच दिसतो. आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून ‘फासळी’च ऐकली आहे. रुळलेला शब्द मोडायला सबळ कारण हवे.

अंबाजोगाईकर : कारण मूळ हिब्रूतच आहे. बायबलातल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात ज्याचे ‘फासळी’ असे भाषांतर होते, तो ‘त्सेला’ हा शब्द निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशाच्या, म्हणजे पवित्र पेटीच्या, बाजूसाठी येतो, आणि पहिला मनुष्य दोन तोंडांचा होता, त्याला मधून दुभागले, असे सांगणारी ज्यू परंपराही आहे. आपल्या अर्धनारीनटेश्वराची आठवण येते ती इथेच. ‘कूस’ संस्कृत ‘कुक्षि’वरून आली, म्हणजे पोट आणि गर्भाशय हे अर्थ तिच्यात मुळापासून आहेत, आणि मला तोच तिचा गुण वाटतो, कारण या कथेत पुरुषाच्या देहातून स्त्री निघते, नेहमीचा जन्म उलटा होतो, आणि तो उलटेपणा एका शब्दात धरणारी सोय इंग्रजीत नाही, ती मराठीत आहे. ‘फासळी’ आणि उर्दूतली ‘पसली’ या दोन्ही संस्कृत ‘पर्शु’च्या, म्हणजे बरगडीच्या, लेकी असाव्यात, असे मला फार दिवसांपासून वाटते.

जालनेकर : मिल्टनने जे लिहिले नाही, ते मराठीच्या सोयीसाठी त्याच्या तोंडी घालणे मला पटत नाही.

नांदेडकर : ‘आदम’ या नावाचेही ठरवावे लागेल. मराठी बायबलात ‘आदाम’ आहे, इंग्रजी शाळेतली मुले ‘ॲडम’ म्हणतात, आणि निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या माझ्या आजोबांच्या तोंडी ‘आदम’च होते. ‘आदमी’ त्यावरूनच आला. हिब्रूत तर हे नाव ‘अदामा’शी, म्हणजे मातीशी, जोडलेले आहे. उर्दू वळण म्हणून ‘आदम’ गाळणे मला मान्य नाही.

जालनेकर : गाळू नये, पण छापील मराठीतला ‘आदाम’ का सोडावा? गोव्यातले इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ही कथा ओवीत सांगितली, तेव्हापासून मराठीने हे जोडपे आपले मानले आहे.

नांदेडकर : मग ‘हव्वा’ मात्र सगळेच बिनतक्रार कसे घेतात? तेही अरबी-उर्दूतले रूप आहे.

परभणीकर : नावे मी ‘आदम’ आणि ‘हव्वा’च ठेवली आहेत. ‘कुशीतून’विषयी मात्र आणखी कोणी लिहावे.

नांदेडकर : आधी सांगा, विभक्ती लावताना आपण ‘आदमाने’ लिहिता की ‘आदमने’?